चावीवाल्याचा फोटो

माझा धाकटा भाऊ चावीवाला आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची टपरी. कुणाचं पोर आत अडकलं, कुणाची किल्ली हरवली की पहिली हाक त्यालाच. कुलूप उघडलं की तो लगेच बाजूला होतो. घरमालकाच्या आधी आत डोकवायचं नाही, हा त्याचा नेम. अशा माणसाला पोलिसांनी अख्ख्या शहराला चोर म्हणून दाखवलं, आणि मी ते मुकाट गिळावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. नाही गिळणार.

झालं असं. बँकेत काम करणाऱ्या एका बाईंची किल्ली घरातच राहिली आणि दार ओढलं गेलं. त्यांनी याला बोलावलं. हा दाराशी खटपट करत होता तेव्हा बाई जिन्यात उभ्या होत्या, इमारतीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात येत नव्हत्या. त्याच दुपारी वरच्या मजल्यावर चोरी झाली.

आता चावीवाल्यांची एक सवय असते. हत्यार काढण्याआधी ते इकडेतिकडे बघून घेतात आणि मग दाराला अंग भिडवून हात झाकतात. वस्तादच तसं शिकवतो. कुलूप कसं उघडतं ते भलत्याच माणसानं बघून उचलू नये, म्हणून ही काळजी. कॅमेऱ्यात मात्र ती बघताना कुणालाही वाटावं, हा अट्टल चोर.

पोलिसांनी त्या दाराची बेल वाजवून बाईंना एक शब्द विचारला असता तर त्यांचे पाय झिजले असते का? पण नाही. उचलली चित्रफीत आणि टाकली फेसबुकवर. ‘या चोराला ओळखता का?’ अहो, अर्ध्या शहराच्या कुलपांना त्याचा हात लागलाय, ओळखणार नाहीत? कुणी त्याची टपरी सांगितली, कुणी आमचं घर, कुणी त्याचे हात तोडायला निघालं. भर बाजारातून त्याला गाडीत कोंबून नेलं.

बँकेच्या बाई बिचाऱ्या कळल्याबरोबर स्वतः चौकीत गेल्या, म्हणून तो संध्याकाळी सुटला. पोलिसांनी पोस्टही काढून टाकली. पण तोवर ती घराघरातल्या मोबाइलवर जाऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी आमचे शेजारचे गुरुजी टपरीवर आले आणि हसत हसत म्हणाले, "काय रे, आमच्या घराची एखादी जास्तीची चावी नाही ना राहिली तुझ्याकडे?"

भाऊही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक भरवशानं घराची किल्ली हातात देतात, यावरच तर त्याचं पोट. तो भरवसाच गेला तर त्यानं काय करायचं?

मी भावाला घेऊन थेट चौकीत गेले. फेसबुकचं काम बघणारे साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

"साहेब, माझा भाऊ निर्दोष आहे एवढं लिहा. त्याला चोर म्हणालात तिथंच लिहा."

"पोस्ट काढली ना बाई? आता आणखी काय?"

"चोर म्हणताना विचार नाही केलात, नाही म्हणताना हात दुखतो का?"

"अहो, ते पेज गुन्हेगार पकडायला आहे. चारित्र्याचे दाखले द्यायला नाही."

समोरचा हवालदार खुदकन हसला. भाऊ मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. "ताई, जाऊ दे. खरा चोर सापडला की आपोआप कळेल सगळ्यांना."

पुढच्याच आठवड्यात खरा चोर सापडला. पोलिसांनी मोठ्या झोकात फोटो टाकला. मधोमध चोर, दोन्हीकडे छाती काढून शिपाई. आणि चोराच्या तोंडावर काळा बुरखा! मी साहेबांना फोन लावला तर म्हणाले, "ओळख परेड व्हायची आहे. त्याचा चेहरा दाखवता येत नाही, नियम आहे." चोराच्या तोंडाला नियम आहे. माझ्या भावाच्या तोंडाला नव्हता.

फोटोखाली पहिलीच प्रतिक्रिया गुरुजींची होती. ‘सापडला एकदाचा चावीवाला. शाब्बास पोलीस!’ खाली टाळ्यांची रांग. भाऊ समोरच जेवत होता. त्यानं माझ्या हातातून मोबाइल घेतला, वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

 मी त्याच्याखालीच लिहिलं, ‘हा माझा भाऊ नाही. माझा भाऊ आत्ता माझ्या समोर बसला आहे.’

लगेच कुणीतरी उत्तर दिलं, ‘बहीण आहे. ती असंच म्हणणार.’