उदबत्तीवर घेतलेला आळ

सहा फुटी काचेच्या टाकीत समुद्र करायचा, तोही नगरला, आणि तोही शिक्षकाच्या पगारात. बायको म्हणायची, "अंथरूण पाहून पाय पसरा." पण ऐकतो कोण! टाकी झाली, पुण्याहून मीठ आलं, मासे आले. अडलं ते दिव्यावर. कोरल, म्हणजे पोवळं, हा जीव उजेडावर जगतो, आणि त्याचे तयार परदेशी दिवे माझ्या ऐपतीबाहेरचे. मग सुटे निळे-पांढरे एलईडी आणले, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवले, ते तापू नयेत म्हणून जुन्या कॉम्प्युटरचे पंखे लावले. दोन रविवारांत दिवा तयार. बटण दाबलं, खोली निळीशार! मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

वडील तेव्हा आमच्याकडेच राहायला आले होते. राहुरीकडच्या एका रोपवाटिकेत त्यांची उभी हयात गेलेली. टाकी त्यांना भारी आवडली. "पोवळं जित्तं अस्तंय व्हय?" म्हणत हसले होते. सकाळी त्याच खोलीतल्या देवांना उदबत्ती ओवाळली की चहाचा कप घेऊन टाकीपुढं खुर्ची टाकायचे, ते जेवायची हाक येईपर्यंत.

पाच कोरलं आणून दिव्याखाली ठेवली तेव्हा ते म्हणाले, "लेका, येकदम एवढा उजेड नको. सावलीतलं रोप आमी आधी जाळीखाली ठिवतो. हळूहळू उन्हाची सवय लावायची. न्हाईतर करपतंय."

"अण्णा, हे काय वांग्याचं रोप आहे?" मी म्हणालो, आणि दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीवर दहा तास ठेवला.

आठव्या दिवशी बघतो तर कोरलं चुन्यासारखी पांढरी पडलेली. नेमके त्याच दिवशी शाळेतले चार सहकारी मुद्दाम टाकी बघायला आलेले. माझं डोकं फिरलं. खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं. "रोज मेली ती उदबत्ती! धूर पाण्यात उतरतो, एवढं कळत नाही का तुम्हाला? मारलंत सगळं!" चारचौघांत ओरडलो मी, जन्मदात्या बापावर. ते उठले. "चुकलं बाबा," म्हणाले आणि खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर गेले. दुसऱ्या दिवशी देव त्यांनी स्वयंपाकघरात नेले, आणि खोलीत येणंच सोडलं.

मी पुण्याच्या दुकानदाराला फोटो पाठवले. त्याचा फोन आला, "धुराचं राहू द्या हो, तुम्ही कोरल भाजलंत. दिव्याखाली जाळी लावा, थोड्या थोड्या दिवसांनी एकेक पदर काढा." फोन ठेवला. गच्चीतल्या कुंड्यांवरची हिरवी जाळी कापली, तीन पदर बांधले. पाचांतली दोन कोरलं वाचली, हळूहळू रंगावर आली.

वडिलांना हे सांगायला मला महिना लागला. का, तर लाज! शेवटी ते ओट्यावर एकटेच असताना शेजारी जाऊन बसलो. "अण्णा, उदबत्तीनं नाही, माझ्या दिव्यानं मेली. तुम्ही सांगत होता तेच खरं."

"वाचलं का काई?"

"दोन."

"मग झालं तर." एवढंच बोलले. आत चला म्हणालो, तर म्हणाले, "हितं वारं लागतंय."

दिवाळीत तेच चौघं फराळाला आले. वडिलांनाही मी आग्रहानं आत बसवलं होतं. टाकीकडं बघत एकानं चेष्टेनं विचारलं, "काय अण्णा, उदबत्ती बंद ना आता?"

आता बोलायचं होतं ते मी. तोंड उघडलंही होतं. पण माझ्याआधी वडीलच म्हणाले, "बंद केली बाबा. मला अडाण्याला काय ठावं? माझ्यापायी पोराचं लई नुकसान झालं." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी काय म्हणालो? "घ्या ना, चकली घ्या."