पूजेच्या दिवशी कवट्या नकोत

हेडमिस्ट्रेसबाईंनी परिपत्रकाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग संताप. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर धोक्याचं चिन्ह हवं, ऍसिडं खालच्या फळीवर हवीत, पेट घेणारी रसायनं वेगळ्या कपाटात हवीत. सगळं बरोबरच होतं. पण आमच्याकडे कपाट एकच, आणि त्यात बाटल्या एबीसीडीच्या क्रमानं लावलेल्या. त्यामुळे स्पिरिट आणि सल्फ्युरिक ऍसिड वर्षानुवर्षं शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदत होती.

"छापील लेबलं मागवू या," मी म्हणाले.

"तुमचं अक्षर छान आहे. आणि इंग्रजीतच लिहा. पालक बघायला येतात."

त्या वर्षी तंजावूरच्या राजवाड्याच्या पलीकडे नवी इंग्लिश मीडियम शाळा निघाली होती. त्या धसक्यानं आमच्याकडे नोटिसांपासून फिनेलच्या डब्यापर्यंत सगळं इंग्रजीत होऊ लागलं होतं. मी घरी मराठी बोलायची, रस्त्यावर तमिळ; इंग्रजी पुस्तकांतून आलेलं. तीन भाषांत वाढलेल्या बाईला त्यात काही खटकायला हवं होतं, पण खटकलं नाही.

दोन आठवडे शाळा सुटल्यावर मी लेबलं लिहीत बसले. लाल शाईनं कवट्या काढल्या. माझ्या हातून त्या जरा हसऱ्याच झाल्या. सल्फ्युरिकच्या बाटलीचं बूच काही केल्या धड बसेना, म्हणून ते ऍसिड मी एका रिकाम्या बाटलीत ओतलं आणि तिच्यावर मोठी कवटी चिकटवली. लॅबचे अण्णा दारातून बघत होते. मी याच शाळेत शिकत होते तेव्हापासून बाटल्या धुणं, भरणं, मांडणं हे त्यांचंच काम. एवढं काम मी केलं, पण त्यांना एका शब्दानं सांगितलं नाही.

मग आयुधपूजा आली. आमच्या तंजावुरात त्या दिवशी कात्रीपासून बसपर्यंत सगळं धुऊनपुसून त्याला गंधकुंकू लावतात. सुट्टी संपवून मी आले तर अण्णा पानात प्रसादाचं सुंडल घेऊन उभे. कपाट लखलखीत, प्रत्येक बाटलीवर चंदनाचा टिळा. मी हरभरे तोंडात टाकले आणि माझं लक्ष गेलं. नायट्रिक ऍसिडचं लेबल उलटं चिकटवलेलं होतं.

"अण्णा, हे काय?"

"पूजेच्या दिवशी कवट्या कशा ठेवायच्या, टीचर?" ते तमिळमध्ये शांतपणे म्हणाले. "भिजवून काढल्या. पेपरवर ओळीनं वाळवल्या. पंख्यानं थोड्या इकडेतिकडे झाल्या, पण मी लावल्या सगळ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्हाला इंग्रजी येतं का, वाचता येत नाही तर हात का लावलात, बारावीच्या मुली बाहेर उभ्या आहेत, कुणाचे डोळे गेले तर कोण जबाबदार, असं मी बडबडत सुटले. मुली दाराबाहेरून ऐकत होत्या. अण्णांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

"चिठ्ठ्या चुकल्या असतील," ते म्हणाले, "बाटल्या नाही चुकत. मी भरतो त्या. ही बघा, ही पाण्याची. हिच्यावरही कवटी होती." त्यांनी एका बाटलीचं बूच काढलं आणि दाखवायला उजवा तळहात पुढे करून ती कलती केली.

ती माझी बाटली होती. रिकामी म्हणून मी उचललेली ती बाटली त्यांची पाण्याची होती.

मी त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. दोन थेंब माझ्या निऱ्यांवर पडले. सुती साडीवर आधी तांबूस, मग काळे डाग पडले आणि बोट जाईल एवढी भोकं झाली. अण्णा भोकांकडे बघत राहिले, मग आपल्या तळहाताकडे. मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

तास रद्द केला. संध्याकाळपर्यंत एकेक बाटली तपासली. त्यांनी चिकटवलेली बरीच लेबलं चुकली होती, पण बाटल्या त्यांनी सगळ्या बरोबर ओळखल्या होत्या. चुकली ती फक्त मी बदललेली.

"तमिळ वाचता येतं ना?" मी शेवटी विचारलं.

"रोज पेपर वाचतो, टीचर."

खरंच वाचत. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या दारात स्टुलावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी रोज त्यांच्या बाजूनं आत जायची.

नवी लेबलं मी तमिळमध्ये लिहिली, खाली बारीक अक्षरात इंग्रजी. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर शेरा मारला. हेडमिस्ट्रेसबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटतं ते एकाच गोष्टीचं. त्या दिवशी मुलींसमोर मी अण्णांना बोलले होते, तर माफीही मुलींसमोरच मागायला हवी होती. त्याऐवजी मी त्यांना नव्या लेबलांसाठी गोंद आणायला पाठवलं, आणि ते लगेच निघाले.