बॅच नंबरवर इंडेक्स नव्हता

मित्रांनो, दुपारपासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहितेय.

यवतमाळच्या एका कृषी केंद्राचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळते. आज सकाळी मालक मनोहरभाऊंचा फोन आला. "ताई, एकाच बॅचचं औषध कपाशीवर फवारल्यावर दोघांले दवाखान्यात नेलं. ते अजून कोणाकोणाले गेलं, लवकर सांगा."

बॅच नंबर टाकला आणि स्क्रीन नुसती फिरत राहिली. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, होती ग्राहकाच्या नावावर आणि बिल नंबरवर. बॅचवर नसल्यामुळे प्रत्येक शोधात सगळी जुनी बिलं तपासली जात होती. त्यात केंद्राच्या सगळ्या शाखा एकदमच तोच बॅच शोधत होत्या, म्हणून सर्व्हर अडकला.

"भाऊ, इंडेक्स करते, पण तोवर बिलं निघणार नाहीत, विक्री बंद ठेवावी लागेल."

"थांबवली. तुम्ही करा."

इंडेक्स झाला आणि नावं लगेच आली. मी आणि केंद्रातले सगळे फोन करत सुटलो.

बोरी अरब गावात एका वहिनींनी फोन उचलला. "हे तर कवाचेच फवारायले गेले." फोन चालू ठेवूनच त्या शेताकडे धावल्या. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी म्हणाल्या, "थांबले, ताई. पण डोकं लई दुखून राह्यलं म्हणते."

त्यांच्या नवऱ्यालाही दवाखान्यात नेलं. संध्याकाळी कळलं, धोका टळलाय. आधीच्या दोघांपैकी एकाचं अजून काही कळत नाही.

तुमच्या सिस्टिममध्ये अशी कोणती माहिती आहे, जी रोज कोणी विचारत नाही? आज तातडीने लागली, तर ती किती वेळात सापडेल?