मावशीच्या डिशमधली धडधड

माझी मावशी पेशींना जेवू घालते. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण घरात आम्ही एवढंच म्हणतो. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर खिडकी नसलेली खोली आहे. तिथल्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाइतक्या उबेच्या कपाटात, चपट्या पारदर्शक डिशमधून माणसाच्या पेशी वाढतात. जुना गुलाबी द्रव काढायचा, ताजा घालायचा, तोही कोमट करून. पेशींना रविवार नसतो, म्हणून मावशीलाही नसतो.

"घरच्यांना गार जेवण आणि तिथल्यांना कोमट," काका, म्हणजे तिचा नवरा, कुरकुरतात.

"तिथले ताटाला नावं ठेवत नाहीत," मावशीचं उत्तर ठरलेलं.

त्या खोलीत ती एका गोष्टीवर अडून बसते. डिश बाहेर काढली की बघायचं आणि लगेच उबेत ठेवायचं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुणी रमलं, की मागे उभी राहून म्हणते, "पुरे. गार पडेल." तिच्या माघारी सगळे तिची नक्कल करतात. तिलाही ते ठाऊक आहे.

मग तिच्या लेकीचं हृदय अडखळायला लागलं. लेकीला आम्ही चिमणी म्हणतो. वर्गात सगळ्यांत उंच, तरी चिमणीच. एकदा कॉलेजच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली. तपासण्यांतून कळलं, ठोक्याची लय जन्मापासूनच कच्ची होती. पहिल्या औषधाने फरक पडला नाही. दुसऱ्याने ती जास्तच पडू लागली. तिसरं होतं, पण ते तिला देऊन पाहायला डॉक्टर धजत नव्हते. मावशी तेव्हापासून घरात पाय न वाजवता चालायची, लेक झोपली की दारात उभी राहून श्वास ऐकायची.

संस्थेत नेमकं ह्याच आजारावर काम चाललं होतं. चिमणीचं थोडं रक्त घेतलं गेलं. त्यातल्या पेशींना मागे मागे न्यायचं, त्या अजून काहीच झालेल्या नव्हत्या तिथपर्यंत, आणि तिथून हृदयाच्या वाटेला लावायचं. औषध आधी त्या पेशींना, मग जमलं तर चिमणीला. विभागप्रमुख बाई मावशीला म्हणाल्या, "ह्या डिश तुम्हीच सांभाळा. पण आईपण बाहेर, चपलांशेजारी."

"ठेवते," मावशी म्हणाली.

बरेच आठवडे गेले. मग एका संध्याकाळी घरी आली, खांद्यावरची पिशवीही न उतरवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "धडधडतंय," एवढंच म्हणाली.

पेशींना औषध द्यायचं ठरलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी, बाईंना विचारून, तिने चिमणीला आणि मला आत नेलं. टोप्या, हातमोजे, पांढरे कोट. आधी मी पाहिलं. करड्या रंगाचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलं होतं, आणि ते सगळं मिळून आकसत होतं, सैल होत होतं. त्याला छाती नव्हती, कुणावर जीव जडलेला नव्हता, भीती नव्हती. तरी ते चाललं होतं. काही ठोके ओळीने, मग ठेच लागल्यासारखी एक रिकामी जागा, मग पुन्हा. मी मागे सरकले तेव्हा माझे हात जोडलेले होते; ते कधी जोडले गेले, मला कळलं नाही.

चिमणीने डोळा लावला.

"ही मी?"

"तूच. उलट उत्तरं न देणारी."

"माझ्यापेक्षा हिचेच लाड जास्त होतात," चिमणी बाजूला होत म्हणाली.

मग मावशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. लेकीचं हृदय स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळालेली आई किती वेळ पाहील? तिला थांबवणारं मागे कुणी नव्हतं. ते काम तिचंच होतं.

"मंदावलंय," ती एकाएकी म्हणाली. मग, "थांबलं."

मी पाहिलं. जाळं तसंच होतं, फक्त निपचित. मावशीचा चेहरा उतरला होता. हातमोजा तसाच ठेवून तिने चिमणीचं मनगट घट्ट धरलं.

"आई, मी इथे आहे. चालू आहे माझं," चिमणी म्हणाली. आणि अगदी मावशीच्या सुरात, "पुरे. गार पडलं असेल ते."

मावशीने डिश उचलून कपाटात ठेवली. दार लावून दोघी समोर उभ्या राहिल्या. मनगट सुटलं नव्हतं. कपाट तेवढं गुणगुणत होतं.

डिश पुन्हा काचेखाली आली तेव्हा आधी काहीच हललं नाही. मग कडेला एक धागा थरथरला. त्याच्या शेजारचा. आणि एकाएकी ते अख्खं जाळं, कुणी हाक मारल्यासारखं, एका दमात उठलं. धडधड. धडधड. ठेच. धडधड. त्या ठेचेचाही मला त्या दिवशी आनंद झाला.

मावशीने तिथूनच बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. "आईपण आत आलं होतं," ती म्हणाली. बाईंनी पेशींना आणखी काही दिवस विश्रांती द्यायला लावली.

औषध दिलं त्या दिवशी मी दाराच्या काचेबाहेर होते, आतलं बोलणं ऐकू येत होतं. मावशी सूक्ष्मदर्शकावर वाकली. शेजारी उभ्या असलेल्या बाई सांगत होत्या, की डिशमध्ये जमलं म्हणजे मुलीला जमेलच असं नाही, पण आता डॉक्टरांपुढे ठेवायला काहीतरी असेल. मावशीचे ओठ हलत होते. ती ठोके मोजत होती. ठेचेच्या जागी ओठ थांबायला हवे होते. थांबले नाहीत. पुन्हा ती जागा आली, आणि पुन्हा ठोका पडला.

तिने मान वर केली. आणखी पाहायचं होतं तिला, ते काचेतूनही दिसत होतं.

"पुरे," ती स्वतःलाच म्हणाली, आणि डिश उबेत ठेवून दार लावलं.