रेडिओसमोरच्या यशोदाबाई

रंगरावांच्या घरात रेडिओ आला तो दिघीहून. तिथल्या लष्करी वसाहतीतल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्यांनी सामान विकायला काढलं. रंगराव सायकलवर गेले आणि तो जड लाकडी सेट पोत्यात गुंडाळून, कॅरिअरला बांधून, सायकल हातात धरून पायी पिंपरीला घेऊन आले. सन पंचावन्नची गोष्ट. कारखान्याच्या मागे कामगारांच्या बैठ्या खोल्यांची एक ओळ होती, आणि त्या अख्ख्या ओळीत तो पहिला रेडिओ.

रंगराव मूळचे माजलगावकडचे. कारखान्यात ते बॉयलरवर फिटर होते. माणूस सरळ, कामाला वाघ, पण घरी आला की थकलेला. त्यांची बायको यशोदाबाई अंगानं किरकोळ, चेहरा हसरा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रेडिओ यायच्या आधीच्या पावसाळ्यात यशोदाबाईंना मुदतीचा ताप आला होता. त्या दुखण्यातून त्या उठल्या, पण तेव्हापासून त्यांचं बोलणं कमी झालं आणि आवाजही खाली गेला. अशक्तपणा आहे, भरून निघेल, असं रंगराव म्हणायचे.

रेडिओनं रंगरावांना वेड लावलं. दिवसपाळीहून आले की हातपाय धुवायचे आणि भिंतीतल्या फळीसमोर खुर्ची ओढून बसायचे. पुणे केंद्रावरची गाणी, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, बातम्या, नाटकं, सगळं ऐकायचे. चहा तिथंच, जेवण तिथंच. यशोदाबाई शेजारी पाटावर बसायच्या. रंगराव हसले की त्या हसायच्या, रंगरावांनी मान डोलावली की त्याही डोलवायच्या. कारखान्यात रंगराव कौतुकानं सांगत, आमच्या मंडळींना माझ्यापेक्षा जास्त नाद आहे. ती उठतच नाही रेडिओसमोरून.

सेट तापायला वेळ लागे, म्हणून त्यांनी बायकोला शिकवून ठेवलं होतं. कारखान्याचा भोंगा झाला की बटण फिरवायचं, काटा या खुणेवर ठेवायचा. म्हणजे आपण दारात पाऊल टाकलं की गाणं सुरू. भोंगा झाल्याचं यशोदाबाईंना कळायचं ते समोरच्या रस्त्यावर सायकली दिसायला लागल्यावर. पण हे रंगरावांना कुठं ठाऊक होतं?

शेजारच्या खोलीत छबूबाई आणि त्यांचे यजमान अर्जुनराव राहायचे. छबूबाईंचं मत होतं की ही बाई शिष्ट आहे. मागून हाक मारली तर ओ देत नाही. समोर आली की मात्र गोड बोलते. ही सगळी हकिकत मला पुढं छबूबाईंनीच सांगितली, आणि राहिलेली खुद्द रंगरावांनी.

त्या दिवशी वारा सुटला होता. छपरावर दोन बांबूंच्या मध्ये रेडिओची एरिअलची तार ताणलेली होती, ती तुटून पडली. रंगराव घराकडे वळले तर ओळीतल्या बायका त्यांच्या दारासमोर उभ्या. आतून असा आवाज येत होता की कानात सळई घालावी. शिट्टी, खरखर, मध्येच कुणी किंचाळल्यासारखं. छबूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. त्यांनी सांगितलं, केव्हापासून चाललंय, हाका मारल्या तरी बाई बंद करत नाहीत, काय झालंय बघा बाई.

रंगराव घाईनं आत गेले. त्यांना वाटलं, ही चक्कर येऊन पडली असणार.

यशोदाबाई रेडिओसमोर पाटावर बसल्या होत्या. मांडीवर सूप होतं आणि त्या तांदूळ निवडत होत्या. शांतपणे. रेडिओ डोक्याशी किंचाळत होता आणि त्या एकेक खडा बाजूला टाकत होत्या. मध्येच त्यांनी मान हलवली, गाणं आवडल्यावर हलवतात तशी.

रंगराव मागून म्हणाले, "यशोदे."

त्या वळल्या नाहीत. त्यांनी आणखी मोठ्यानं हाक मारली. मग त्यांची सावली सुपावर पडली, तेव्हा यशोदाबाईंनी वर बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "आलात? आज गाणी छान लागलीत."

 रंगरावांनी पुढं होऊन बटण बंद केलं. ते मला म्हणाले होते, बॉयलर फुटताना मी बघितलाय, पण हातपाय असे गार पडले नव्हते. ते तिथंच जमिनीवर बसले. यशोदाबाईंनी नवऱ्याचं तोंड बघितलं, दारातल्या बायका बघितल्या, आणि काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. सूप बाजूला ठेवून त्यांनी पदर तोंडाला लावला.

बायका गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तापातून उठल्या तेव्हा कानात सारखा पाण्याचा आवाज यायचा. मग तो थांबला, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही थांबत गेलं. आधी पाखरं गेली, मग भांड्यांचा आवाज, मग माणसं. माणसांच्या ओठांकडे बघून त्या बोलणं ओळखायला लागल्या. नवऱ्याला सांगायचं धाडस झालं नाही. त्यांच्या माहेरी एक आत्या होती, तिला ऐकू येईनासं झालं म्हणून सासरच्यांनी परत आणून घातली होती. ती आत्या गोठ्याशेजारच्या खोलीत म्हातारी झाली.

रंगराव ऐकत राहिले. राग आला नाही. त्यांना एकच गोष्ट आठवत होती. मागच्या उन्हाळ्यात गावाकडून निरोप आला होता की धाकटी बहीण बाळंतपणात गेली. बातम्या चालू होत्या. रेडिओकडे तोंड करूनच ते म्हणाले होते, आपली शांता गेली गं. आणि यशोदाबाईंनी मागून विचारलं होतं, भाकरी वाढू का? त्या एका बोलण्यावरून बायकोबद्दल त्यांच्या मनात अढी बसली होती. किती निर्दय बाई, असं वाटून ते कित्येक दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. आणि बोलले नाहीत हेही तिला कळलं नव्हतं, कारण ते बोलत असोत की नसोत, त्यांचं तोंड रेडिओकडंच असायचं.

"शांता गेल्याचं तुला कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीला गावी गेलो तेव्हा," यशोदाबाई म्हणाल्या. "घरात तिचा फोटो लावलेला बघितला. तुम्ही मला का सांगितलं नाही, हे विचारायची हिंमत झाली नाही."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी बायकोला दाखवलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापानं कानाच्या शिरा गेल्या, आता इलाज नाही. परत आल्यावर रंगरावांनी रेडिओ चादरीत गुंडाळला आणि अर्जुनरावांच्या घरी नेऊन ठेवला. रेडिओचा सरकारी परवाना तुमच्या नावावर करून घ्या म्हणाले. यशोदाबाई आडव्या आल्या. तुमची तेवढीच करमणूक आहे, असं करू नका म्हणाल्या.

रंगराव त्यांच्यासमोर उभे राहून सावकाश म्हणाले, "नको. तो समोर असला की मी तुझ्याकडं बघत नाही."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसायची आणि काय करायचं ते दोघांनाही सुचायचं नाही. भिंतीपलीकडून अर्जुनरावांकडचं गाणं ऐकू यायचं, रंगरावांचा पाय ताल धरायचा, आणि लक्षात आलं की ते पाय पोटाशी घ्यायचे. बोलायला लागले तर यशोदाबाईंना निम्मंच कळायचं. शेवटी एक दिवस त्या भीत भीत म्हणाल्या, "तुमचा खालचा ओठ दिसतो, वरचा दिसत नाही. मिशीत शब्द अडकतात."

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी मिशी काढली. न्हाव्यानं आधी विचारलं, कोण गेलं? कारखान्यात गेले तर सगळे हबकले. बाप असताना कुणी मिशी उतरवत नाही. दोघातिघांनी खांद्यावर हात ठेवला, फोरमननं रजा देऊ केली. रंगरावांनी कुणालाच काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाले, सगळे खुशाल आहेत.

हळूहळू घराची घडी बसली. यशोदाबाईंनी सागरगोटे काढले. रंगरावांच्या जाड बोटांची त्यात फार फजिती व्हायची. ते कंदील भिंतीसमोर ठेवून हाताच्या सावलीचे ससे, हरणं करायचे. ओळीतली पोरं बघायला यायला लागली, मग त्यांच्या आयाही. छबूबाई सागरगोट्यांत इतक्या रमल्या की अर्जुनराव रेडिओजवळ एकटे पडले.

पण खरी मजा सापडली ती चाकणला. सुट्टी बाजाराच्या दिवशी आली की दोघं एसटीनं चाकणला जायची. कांद्याचे ढीग, बैलगाड्या, माणसांची ही गर्दी. एका हॉटेलाच्या पायरीवर बसून यशोदाबाई रस्त्यापलीकडच्या माणसांचं बोलणं नुसतं ओठांवरून वाचायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या. रंगरावांना आधी खोटं वाटलं. मग एकदा त्यांनी पलीकडे जाऊन, कान देऊन खात्री केली, आणि परत आले ते बायकोकडे बघतच राहिले. दोन शेतकरी कांदे चाचपत उभे होते, पण बोलत होते मुलामुलीच्या सोयरिकीचं. मुलीचा बाप अडून बसला होता, मुलीला विहिरीचं पाणी शेंदायला लावणार नाही असं वचन द्या म्हणत होता. मुलाचा बाप म्हणत होता, मग पाणी कोण आणेल, मी? पुढच्या बाजारी ही दोघं मुद्दाम तीच जागा धरून बसली. तिसऱ्या खेपेला त्या दोन्ही बापांच्या हातात पेढ्याचा पुडा दिसला, तेव्हा ओळख ना पाळख, पण रंगरावांनी आनंदानं दोन कप चहा जास्तीचा मागवला.

मिशीची बातमी गावाकडे पोचायला वेळ लागला नाही. रंगरावांचे वडील हिंदुराव तडक पिंपरीला आले. घरात पाऊल न टाकता अंगणातल्या कडुनिंबाखाली बसले आणि मुलाला समोर बोलावलं. यशोदाबाई दारात डाळ पाखडत होत्या.

"मी जिता हाय अजून," हिंदुराव म्हणाले. "मिशी कामून काढलीस?"

रंगरावांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं एकदा दाराकडं बघितलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "तिला माहेरी धाडून दे. बहिऱ्या बाईसंगं जन्म काढतोस का? मी दुसरी बघतो."

 बापाला उलट बोलण्याची रंगरावांना सवय नव्हती. ते शब्द शोधत राहिले, आणि तेवढ्यात यशोदाबाई सूप ठेवून अंगणात आल्या. डोक्यावरचा पदर नीट करून त्या सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही. पण तुम्ही काय बोललात ते मी दारातून बघितलं. मला धाडायचं असेल तर माझ्याकडं तोंड करून सांगा."

हिंदुरावांच्या हातातली तंबाखूची चंची खाली पडली. इतक्या लांबून, इतक्या हळू बोललेलं, आणि बहिऱ्या सुनेनं धरलं!  रंगराव मला म्हणाले, धक्का त्यांना बसला त्यापेक्षा मला जास्त बसला. कारण तिनं त्यांचे शब्द बघितले तसं माझं गप्प राहणंही बघितलं होतं.

मग रंगराव उठले. बापाकडे न बघता, बायकोकडे तोंड करून, ओठ नीट उघडून म्हणाले, "तू कुठंही जाणार नाहीस."

हिंदुराव दोन दिवस राहिले. सुनेशी बोलले नाहीत, पण तिनं वाढलेलं जेवले. निघताना पिशवी खांद्याला लावली, दारात थांबले, दोन बोटांनी आपली झुपकेदार मिशी वर उचलून धरली आणि म्हणाले, "बरं चाललंय तुमचं. जपून राहा." यशोदाबाईंनी वाकून नमस्कार केला. पुढं दरवर्षी ते येत राहिले आणि सुनेशी बोलताना मिशी धरत राहिले. माफी मात्र त्यांनी कधी मागितली नाही.

रंगरावांनाही एक सवय लागली ती कायमचीच. कारखान्यात कुणाला काही सांगायचं असेल तर ते मागून हाक मारत नसत. अख्ख्या बॉयलरला वळसा घालून जायचे, त्या माणसाच्या पुढ्यात उभे राहायचे, त्यानं आपल्याकडे बघितलं याची खात्री करायचे, आणि मगच तोंड उघडायचे.