बंद घरांतल्या टाक्या

गावात पॅरी आडनावाची माणसं इतकी होती की ओळखायला नावामागे धंदा जोडावा लागे. पोस्टाचा पॅरी, मेंढ्यांचा पॅरी, आणि नळकाम करणारा एल्फेड पॅरी, म्हणजे एल्फेड टाकी. पुढे पोस्ट बंद पडलं, मेंढ्यांचा पॅरी गेला, त्याची मुलं कार्डिफला जाऊन राहिली. आता पॅरी एकच उरला होता, तरी ‘टाकी’ काही सुटली नव्हती.

समुद्राकडची घरं एकेक करून मँचेस्टर-लिव्हरपूलच्या लोकांनी सुट्टीसाठी विकत घेतली. त्यांनी चुली काढल्या, न्हाणीघरं चकचकीत केली आणि जिन्याखाली माणसाएवढ्या उंच गरम पाण्याच्या टाक्या बसवल्या. या टाक्यांत पाणी दाबाखाली तापतं. म्हणून वर्षातून एकदा जाणकारानं त्या उघडून बघायच्या आणि टाकीसोबतच्या पुस्तकात मागच्या पानावर तारीख, दाब, काय तपासलं ते लिहून सही करायची. नोंद चुकली की कंपनी हमी नाकारते.

त्यामुळे एल्फेडचा हंगाम हिवाळ्यात. किल्ल्यांचा जुडगा घ्यायचा आणि एकामागून एक बंद घरं उघडायची. पाणी तापेपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसायचं, थर्मासातला चहा प्यायचा. समोर कुणाच्या तरी नातवंडांनी काढलेली खेकड्यांची चित्रं. हल्ली तो टाकीशी बोलायला लागला होता. ‘‘काय बाई, कुरकुर आहे का काही?’’ टाकी बिचारी हूं की चूं करत नसे.

थोरली बहीण नेस्टा लेकीकडे रेक्समला राहायला गेली होती. तिचा रविवारी फोन यायचा.

‘‘आपल्या ओळीत दिवे किती दिसतात रे?’’

‘‘माझा.’’

‘‘अन् रस्त्यावरचा?’’

‘‘तो कौन्सिलनं बंद केलाय.’’

‘‘मग तिथे करतोस तरी काय? ये की इकडे.’’

‘‘टाक्या कोण बघणार?’’ एल्फेड म्हणायचा. मग नेस्टा हवापाण्याचं विचारायची.

जानेवारीत एका सकाळी ‘ब्रिन आइथिन’ नावाच्या घराच्या भिंतीतल्या नळीतून वाफा निघताना त्याला दिसल्या. घर बंद असतं तर वाफ कुठून येणार? त्यानं दार ठोठावलं. स्वेटरवर स्वेटर चढवलेला, दाढी वाढलेला माणूस दारात आला. हा डेनिस हॅलम, घराचा मालक. एरवी तो फक्त ऑगस्टमध्ये दिसायचा.

‘‘तुमची टाकी गळतेय,’’ एल्फेड म्हणाला.

‘‘मला वाटलं, ती अशीच असते.’’

एल्फेडनं पुस्तक मागितलं. बऱ्याच शोधाशोधीनंतर ते चमच्यांच्या खणात सापडलं. गेल्या चार वर्षांत त्यात एकही नोंद नव्हती.

‘‘हे सगळं बायको बघायची,’’ हॅलम म्हणाला. ‘‘आता तिकडचं शहरातलं घर तिला, हे मला. वाटणीत उन्हाळा तिच्याकडे गेला आणि हिवाळा माझ्याकडे.’’

दोष साधाच होता. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जागा द्यायला बाजूला लाल भांडं असतं, त्यातली हवा गेली होती. एल्फेडनं थोडं पाणी सोडलं, सायकलच्या पंपानं हवा भरली, जास्तीचा दाब सोडणारे दोन्ही व्हॉल्व्ह उचलून पाहिले, नोंद केली, सही केली. हॅलमनं चहा केला. कितीतरी दिवसांनी थर्मासाचा नसलेला चहा.

त्या संध्याकाळी एल्फेडच्या खिडकीतून ब्रिन आइथिनचा दिवा दिसत होता. तो पडदा न ओढताच जेवला.

‘‘हवा टिकलीय का, बघून जातो,’’ म्हणत तो पंधरवड्यानं पुन्हा गेला. हवा टिकली होती. पुढच्या आठवड्यात ‘‘तो व्हॉल्व्ह जरा मनात राहिला’’ म्हणून गेला. मग थर्मोस्टॅटचं निमित्त. प्रत्येक वेळी टाकीवर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून उभा राहायचा आणि मग चहा व्हायचा. पुस्तकात मात्र त्यानं यातलं काही लिहिलं नाही. जे काम केलंच नाही ते लिहायला त्याचा हात धजत नव्हता.

मार्चमध्ये तो असाच आला, तेव्हा हॅलमनं चहा ठेवला नाही.

‘‘पॅरी, खरं सांगा. ती टाकी फुटणार आहे का?’’

‘‘का हो?’’

‘‘तुम्ही इतक्यांदा येता. मागच्या वेळी तुम्ही गेलात तेव्हापासून मी बटण बंद करून ठेवलंय. किटलीत पाणी तापवून अंग पुसतो. रात्री जिन्यावरून जायचं तरी छातीत धडधडतं.’’

एल्फेडला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या थंडीत, आपल्यामुळे, हा माणूस किटलीवर. त्यानं टोपी काढली.

‘‘टाकी ठणठणीत आहे. पहिल्या दिवशी हवा भरली तेव्हापासून.’’

‘‘मग येता कशाला?’’

‘‘तुमचा दिवा दिसतो,’’ एल्फेड म्हणाला. ‘‘म्हणून येतो.’’

हॅलमनं जिन्याखाली जाऊन बटण चालू केलं.

‘‘बसा. आधी मी आंघोळ करतो. पुढल्या वेळी हत्यारांची पेटी न घेता या.’’

त्यानंतर एल्फेड गुरुवारी रिकाम्या हातानं, म्हणजे मटण-बटाट्याच्या रश्श्याचं पातेलं घेऊन जाऊ लागला. दोघे पत्ते खेळत. हॅलमला हरणं आवडत नसे आणि एल्फेडला मुद्दाम हरता येत नसे, त्यामुळे अधूनमधून वाजायचंही. पण पुढचा गुरुवार कुणी चुकवला नाही.

ईस्टरनंतर हॅलमची मुलगी आली आणि बापाला आपल्याजवळ मॅकल्सफील्डला घेऊन गेली. ब्रिन आइथिन सुट्टीची घरं भाड्यानं देणाऱ्या एका संस्थेकडे गेलं. निघताना हॅलमनं गाडीची काच खाली केली. ‘‘टाकी बघत राहाल ना?’’

‘‘बघेन.’’

पुढच्या जानेवारीत एल्फेड ब्रिन आइथिनला गेला. भिंती पांढऱ्या केल्या होत्या, चहाची किटलीसुद्धा नवी होती. पाणी तापेपर्यंत त्यानं हॅलमला फोन लावला.

‘‘तुमची टाकी उत्तम आहे.’’

‘‘वा, पॅरी! छान. वारा आहे का तिकडे?’’

‘‘आहे.’’

मागून लहान मुलांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी ‘आजोबा, तुमची पाळी’ म्हणून ओरडत होतं.

‘‘पत्ते चाललेत,’’ हॅलम म्हणाला. ‘‘लबाड आहेत सगळे. मी करतो हं फोन.’’

‘‘खेळा, खेळा,’’ एल्फेड म्हणाला.

त्या माणसाचं बरं चाललंय याचा त्याला खरोखर आनंद झाला. तरी फोन ठेवल्यावर तो पायरीवर जरुरीपेक्षा जास्त वेळ बसून राहिला. टाकीतलं पाणी केव्हाच तापलं होतं. मग त्यानं पुस्तक उघडलं, तारीख घातली, दाब लिहिला, सही केली, दाराला कुलूप लावलं आणि जुडग्यातली पुढच्या घराची किल्ली शोधू लागला.