किरकोळ झडप

गणपतीला आलेली मुलगी फोन वाजला की उठून बाहेर खळ्यात जाई, तेव्हाच मला संशय आला. ती परदेशी कंपनीत आहे. माणसांना अंतराळात नेणाऱ्या यानाच्या झडपा तिचा विभाग तपासतो. लोटे गावच्या रासायनिक कारखान्यात मी कामगारांतर्फे सुरक्षा समितीवर होतो. बाहेर जाऊन काय बोलले जाते, हे मला कोणी शिकवू नये.

"काय लपवतेस?"

"बाबा, उलटतपासणी नको. एक झडप चाचणीत उशिरा मिटली. एकदाच."

"वरिष्ठांचे म्हणणे?"

"किरकोळ आहे म्हणतात."

माझे डोके फिरले. गळक्या जोडाबद्दल आमच्या व्यवस्थापकाने हाच शब्द वापरला होता. माझ्या पत्रांना पोच मिळाली, उत्तर कधीच नाही. "पूर्वी एका रशियन यानात परतीच्या वाटेवर अशीच एक झडप उघडून आतली हवा निघून गेली होती ना? यान शिस्तीत जमिनीवर उतरले. आतले तिघेही मेलेले."

"ते मला सांगताय?" ती चिडली. "आज बैठक आहे. प्रत्येक विभागाने फक्त 'तयार' म्हणायचं. सगळे म्हणणार. मी एकटी नाही म्हटलं, तर उड्डाण थांबेल. मग मला कोण ठेवील?"

संध्याकाळी आरतीनंतर थोरल्या चुलतभावाने गाऱ्हाणे घातले. आमच्या प्रथेप्रमाणे तो घरातल्या एकेकासाठी देवाकडे मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे एका सुरात होकार देतात. मुलीकडे पाहत तो म्हणाला, "बा गणराया, हिचं यान ठरल्या दिवशी वर जाऊ दे, कोणाची आडकाठी येऊ देऊ नको!"

"होय महाराजा!"

सर्वांत मोठा आवाज माझा होता.

"बाबा, काय मागितलं ते ऐकलंत तरी?" मुलगी हसली, डोळे मात्र हसत नव्हते. लॅपटॉप घेऊन ती पडवीत बसली. या वेळी ती खळ्यात गेली नाही आणि दारही तिने लोटले नाही.

एकेक परका आवाज आला: तयार, तयार, तयार. मग तिचा. "नाही. माझा विभाग तयार नाही." तिने तेच वाक्य पुन्हा, सावकाश उच्चारले.

"काय गो बाय, झाला काय?" चुलतभाऊ प्रसादाचे ताट घेऊन दारात थबकला.

"ताट ठेव," मी त्याला म्हटले, "आणि देवापुढे चल. तुझे ते यानाचे मागणे आपल्याला मागे घ्यायचे आहे."